दयारामला मी तारलं नाही

मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे आणि मी रागावलेलो आहे. मित्रांनो, स्वतःची गोष्ट सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, गंजलेली सायकल, सगळ्या गळा भरून सांगतात की आम्ही फार सेवा केली, आता आम्हाला टाकू नका. मला तसं बोलता येणार नाही. मला कोणी टाकलं नाही, नको तितके दिवस ठेवून घेतलं, आणि त्यापायी एका माणसाचा जीव जायची वेळ आली. त्या माणसाचं नाव दयाराम. त्याच्याबद्दल सांगायचं आहे म्हणूनच मी तोंड उघडलं आहे. पण आधी माझं थोडं ऐकून घ्या, म्हणजे राग कशाचा ते कळेल.

माझा जन्म परदेशातल्या एका शिलाई कारखान्यात झाला. बाहेरून केशरी कापड, आत फोमचे जाड थर, पुढे तीन काळी बकलं. मानेमागे आतल्या बाजूला एक पांढरी चिठ्ठी शिवलेली होती. चाळीस ते साठ किलो वजनाच्या माणसासाठी, असं तिच्यावर लिहिलं होतं. ज्या बाईने ती शिवली तिचे टाके इतके बारीक होते की चिठ्ठी शेवटपर्यंत जागची हलली नाही. अक्षरं पुसट झाली, पण ठळक होती तेव्हाही ती कोणी वाचली नव्हती. दोनशे भावंडांबरोबर कंटेनरमध्ये बसून मी न्हावा शेवा बंदरात उतरलो. तिथून ट्रकने पनवेलला, आणि पनवेलहून आपट्याच्या वरच्या अंगाला, पाताळगंगेच्या काठी रामूशेटच्या कॅम्पवर.

कॅम्प आहे तिथे पूर्वी रामूशेटची भातशेती होती. अर्धी जमीन बिल्डरला गेली, उरलेल्या जमिनीत त्यांनी तंबू ठोकले आणि नदीत राफ्टिंग सुरू केलं. वरच्या वीजघरातून सकाळी पाणी सोडतात. ते दोन-अडीच तास नदीतून धावतं, खडकांवर आपटून पांढरं होतं, आणि मग नदी पुन्हा गुडघाभर होते. रबरी राफ्टमध्ये बसून त्या धावत्या पाण्यातून खाली जायचं, एवढाच तो खेळ. माणसं घाबरतात, भिजतात, फोटो काढतात आणि जेवून घरी जातात.

पहिली काही वर्षं मी खरंच चांगलं काम केलं. पाण्यात पडलेल्या माणसाला मी बुचासारखा वर आणत असे. कामोठ्याच्या एका बाईंनी काठावर आल्यावर मला दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवलं होतं, उतरवायलाच तयार नव्हत्या. रामूशेट आम्हाला सावलीत वाळवायचे, बकल तुटलं तर पनवेलहून नवं आणून बसवायचे. त्यांना पोहता येत नव्हतं, म्हणून त्यांना आमची किंमत होती.

मग त्यांचे गुडघे गेले आणि कारभार मुलाकडे, हृतिककडे आला. हृतिकला व्हिडिओ काढायची हौस. कॅम्पच्या दारात दिव्यांची कमान आली, झोपाळे आले, पाण्याच्या फवाऱ्याखाली नाचायची जागा आली. आम्ही मात्र उन्हात दोरीवर टांगलेले. त्याहून वाईट म्हणजे जेवणाच्या वेळी पाहुणे आम्हाला काढून जमिनीवर टाकायचे आणि आमच्यावर बसायचे. खडे टोचू नयेत म्हणून. मित्रांनो, आमच्या पोटातल्या फोममध्ये हवेचे बारीक कप्पे असतात, त्याच हवेवर माणूस तरंगतो. शंभर-शंभर माणसं त्याच्यावर बसली की कप्पे चेपून जातात. वरून काही दिसत नाही. वर केशरी रंग, आत मेलेला फोम. माझी दोन बकलं तुटली तेव्हा हृतिकने तिथे सुतळी बांधली आणि पुढच्या कामाला गेला.

कॅम्पवर एकच माणूस होता ज्याला आमची खरी अवस्था माहीत होती. तो म्हणजे शुक्रा. मागच्या डोंगरातल्या आदिवासी वाडीतला. ही नदी त्याला आपल्या अंगणासारखी पाठ. आठ वर्षं तो राफ्ट चालवत होता आणि त्याचा भाऊ अंकुश काठावरून बचावाची दोरी फेकायचा. दर वर्षी शुक्रा प्रत्येक जॅकेटला रेतीची पिशवी बांधून डोहात सोडायचा आणि तरंगतंय का बघायचा. त्या वर्षी मी सरळ तळाला गेलो. माझ्याबरोबर आणखी सात. शुक्रा हृतिककडे गेला. शेट, ही आठ आता माणूस धरायची नाय, म्हणाला. हृतिकने मला उचलून बघितलं, झटकलं. दिसायला तर चांगलं आहे, एवढा सीझन जाऊ दे, म्हणाला. शुक्राने हे तीनदा सांगितलं आणि तीनदा तेच उत्तर ऐकलं. चौथ्यांदा तो गप्प बसला. मला त्याचाही राग आहे.

आता त्या शनिवारचं सांगतो. डिसेंबरचे दिवस होते. कळंबोलीतल्या एका ऑफिसची मंडळी आली. बंदरातून येणाऱ्या कंटेनरचे कागदपत्र करणारं ऑफिस, माणसं दहा-बारा. सहलीची कल्पना पूर्वी नावाच्या मुलीची. ती ऑफिसात सगळ्यात नवी होती आणि तिनेच सगळ्यांसाठी एकसारखे निळे टी-शर्ट छापून आणले होते. राफ्टिंग त्यांच्यातल्या कोणीच कधी केलेलं नव्हतं. ऑफिसचे प्रमुख कृष्णकांतसाहेब म्हणजे बारीक, ताठ, पन्नाशीतले गृहस्थ. त्यांना हॉटेलात जेवून परत जायला आवडलं असतं, पण मुंबईच्या वरिष्ठांनी सांगितलं होतं की सगळ्यांनी मिळून काहीतरी धाडसाचं करा, त्याने एकी वाढते. एकी वाढवायची म्हणून ते आले आणि गाडीतून उतरल्यापासून एकटेच उभे होते.

दयाराम त्या ऑफिसचा शिपाई. रोडपालीच्या जुन्या गावठाणातला, मिठागरात वाढलेला, पंचावन्न वर्षांचा आडवा-उभा माणूस. तरुणपणी त्याने बंदरावर पोती वाहिली होती. त्याला सहलीला आणलं ते जेवण वाढायला आणि सामान सांभाळायला. पण राफ्टमध्ये सहा माणसं लागतात, पाण्यात उतरायला जेमतेम सहाच तयार झाले होते, आणि ऐन वेळी त्यातल्या किशोरीबाईंना पाणी बघूनच घाम फुटला. त्यांच्या जागी दयारामला बसवा, असं ठरलं. पोहता येतं का, असं शुक्राने विचारलं. मिठागरात पाणी गुडघाभर, पोहायला कोण शिकवनार, असं म्हणून तो हसला. त्याला पोहता येत नव्हतं आणि हे सगळ्यांनी ऐकलं.

मग जॅकेटं वाटली गेली. आता तुम्हाला वाटेल, ज्याला जे अंगाला बसेल ते त्याने घ्यावं. तसं झालं नाही. त्या ऑफिसात चहासुद्धा मानाप्रमाणे फिरतो, पहिला कप साहेबांचा, मग मोठे बाबू, मग धाकटे, आणि किटलीत उरला तर दयारामचा. तीच रांग दोरीसमोर लागली. कोणी सांगितलं नाही, आपोआप लागली. चार नवी लाल जॅकेटं होती, मोठ्या मापाची, धिप्पाड माणसांसाठी. त्यातलं पहिलं साहेबांनी घेतलं. नाकापेक्षा मोती जड, तसे ते त्यात दिसत होते. मग उतरत्या क्रमाने बाकीचे. बाकीची जॅकेटं पुढच्या तुकडीसाठी वेगळी ठेवलेली, त्यामुळे सगळ्यांचं घेऊन झाल्यावर दोरीवर मी उरलो होतो आणि खाली दयाराम.

त्याच्या छातीवर मी पुरेना. एकुलतं एक धड बकल लागेना, म्हणून त्याने पोट आत घेऊन सुतळीच्या गाठी मारल्या. शुक्रा एकेकाचं जॅकेट खांद्यांना धरून वर ओढून बघत आला. साहेबांचं त्यांच्या कानांपर्यंत वर आलं. शुक्राने माझ्याकडे बघितलं, मला ओळखलं, आणि तो साहेबांना म्हणाला, "साहेब, तुमचं लाल या काकांना द्या. माझं तुमच्या मापाचं हाय, चांगलं हाय, ते तुमी घाला."

साहेबांच्या कपाळावर आठी आली, पण ते काही बोलायच्या आधी दयारामच मागे सरकला. "नको नको. साहेबांच्या अंगावरचं मी कसं घेऊ? मला हेच बरं हाय."

मला वाचा असती तर मी तिथेच ओरडलो असतो. अरे, हे सोन्याचं कडं आहे का मान राखायला? हे तरंगायचं साधन आहे. पण साहेब म्हणाले, त्याला सोयीचं वाटतंय ना, मग राहू दे. बाकीच्यांनी माना डोलावल्या. शुक्रा धावत हृतिककडे गेला, तो फोनवर बोलत होता. त्याने हातानेच निघा म्हणून खूण केली, पाणी सुटलं होतं. शुक्रा परत आला, सगळे गाडीने नदीच्या वरच्या अंगाला गेले, आणि राफ्टमध्ये त्याने दयारामला मागे, आपल्या शेजारी बसवलं. त्याच्या हातात तेवढंच होतं, असं तो नंतर म्हणाला. मला ते पटलेलं नाही.

संथ पाण्यात त्याने सगळ्यांना शिकवलं. फॉरवर्ड म्हटलं की वल्हं मारायचं, स्टॉप म्हटलं की थांबायचं, आणि पाण्यात फक्त माझं ऐकायचं. सगळे हो म्हणाले. पुढे एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला पूर्वी, मागे बाकीचे. शुक्रा फॉरवर्ड म्हणायचा आणि आधी सगळ्यांच्या नजरा साहेबांच्या वल्ह्याकडे जायच्या. ते हललं की मग यांची हलायची. शुक्राने दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा हसून सोडून दिलं, कारण संथ पाण्यात त्याने काही बिघडत नव्हतं.

पहिले दोन उसळते टप्पे मजेत गेले. गार पाणी अंगावर आलं तशी पूर्वी खिदळायला लागली. साहेबांचा चष्मा दोरीला लोंबकळला आणि चक्क त्यांनाही हसू आलं. दयाराम तर पोरासारखा हसत होता. त्याची छाती माझ्या आत गदगदत होती आणि तो शुक्राला सांगत होता की पुढच्या वेळी बायकोला आणतो, रंभाला, पन्नाशी आली तरी ती एकदाही कुठे गेली नाही. त्या पाऊण तासात मी माझा राग विसरलो होतो, हे कबूल करतो.

मग कॅम्पच्या समोरचाच म्हशीचा दगड आला. पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा दिसतो म्हणून वाडीवाले त्याला तसं म्हणतात. सगळा प्रवाह थेट त्याच्यावर जातो. तिथे सहाही जणांनी जोरात वल्ही मारली तर राफ्ट दगडाच्या डावीकडून निसटते. वल्ही थांबली तर पाणी तिला नेऊन दगडावर घालतं. शुक्राने हे आधीच बजावून ठेवलं होतं.

तो ओरडला, फॉरवर्ड. आणि मित्रांनो, त्या धावत्या पाण्यात, दगड वीस पावलांवर असताना, सगळ्यांनी वल्ही उचलून साहेबांकडे बघितलं.

साहेबांना समोर दगड दिसत होता. ते घाबरले होते, त्यात काही चूक नाही, तिथे कोणीही घाबरेल. पण ऑफिसात ज्या कागदाची भीती वाटते तो कागद ते थांबवून ठेवतात, आणि इथेही त्यांनी तेच केलं. थांबा, म्हणाले. सगळे थांबले. मागून शुक्रा जीव तोडून फॉरवर्ड, फॉरवर्ड ओरडत होता आणि पुढे सहा वल्ही हवेत होती. त्यात दयारामचंही होतं.

राफ्ट आडवी होऊन दगडावर चढली आणि उलटली.

पाण्याखाली गेल्यावर माझं काम सुरू होतं. त्याच एका कामासाठी मला शिवलं होतं. मी वर यायला बघितलं आणि माझ्या अंगात काहीच नव्हतं. फोमने पाणी प्यायलं, मी जड झालो. दयारामचं वजन माझ्या चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा पंचवीस किलोंनी जास्त. तो हातपाय मारून वर आला, एक श्वास घेतला, परत खाली गेला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी काडीच्याही कामाचा नव्हतो, उलट मीच त्याला खाली ओढत होतो. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

बाकीचे चौघे आपापल्या जॅकेटांवर तरंगत उथळाकडे गेले. साहेबांचं लाल जॅकेट मात्र त्यांच्या काखेतून वर सरकून डोक्यापाशी आलं होतं आणि त्यांचं तोंड पाण्यात जात होतं. ते दयारामपासून दोन हातांवर होते. काठावरून अंकुशने दोरी फेकली. नेम अचूक होता. दोरी दयारामच्या मनगटावर पडली आणि त्याची बोटं तिच्यावर मिटली. सुटलो, असं मला वाटलं.

आणि त्याने दोरी साहेबांकडे ढकलली. तोंडात पाणी असताना तो बोलला, "साहेब, तुमी धरा."

मोठं मन, त्याग, असे शब्द तुमच्या तोंडी आले असतील. मी त्याच्या छातीला बांधलेला होतो, म्हणून मला माहीत आहे, त्याने विचार केलाच नाही. तीस वर्षं हातात येईल ती वस्तू आधी साहेबांच्या टेबलावर ठेवायची, तसा तो हात गेला. साहेबांनी दोन्ही हातांनी दोरी पकडली, मागे वळून बघितलं नाही, आणि अंकुशने त्यांना ओढून काढलं. मी आणि दयाराम खाली गेलो.

शुक्राने उलट्या राफ्टवरून उडी मारली. खाली काठच्या वाळुंजाच्या झाडांच्या मुळांपाशी त्याने आम्हाला गाठलं. माझा खांद्याचा पट्टा धरून वर खेचायला गेला तर पट्टा त्याच्या हातात आला, उन्हाने कुजलेला होता. तेवढ्यात दयारामचा जीव गेला असता. शुक्राने मग त्याचे केस धरले, काखेत हात घातला आणि त्याला काठावर आणलं. दयाराम निपचित होता. पालथा करून पाठीत मारलं, पोटातलं पाणी निघालं, बऱ्याच वेळाने तो खोकला. शुक्रा वाळूत बसून हमसून हमसून रडला.

आता तुम्हाला वाटेल, सगळे दयारामभोवती जमले असतील. पूर्वी आली, तिने त्याच्या अंगावर टॉवेल टाकला. बाकीचे साहेबांकडे गेले. साहेब थरथरत होते, आणि थरथरता माणूस रागावला की आधी लहान माणूस शोधतो. गाइडने गोंधळ घातला, असं ते हृतिकला म्हणाले. ओरडून ओरडून माणसांना घाबरवलं, याला काही येत नाही. हृतिकला तेवढंच हवं होतं. शुक्राला तो सगळ्यांदेखत म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. चार निळे टी-शर्ट जमिनीकडे बघत उभे होते. थांबा कोण म्हणालं ते त्या चौघांनाही माहीत होतं. साहेबांनी दयारामकडे बघून एवढंच विचारलं, बरा आहेस ना, मग डबे काढायला घे.

तो उठला. मला अंगातून काढून त्याने खाली ठेवलं. हृतिकने मला उचललं, पिळलं, तुटलेल्या पट्ट्याला सुतळी बांधली आणि दोरीवर टांगलं. पाणी अजून तासभर होतं आणि दुसरी तुकडी येऊन थांबली होती. पनवेलच्या नर्सिंग कॉलेजच्या मुली. त्यातली एक उरणकडची, निशा तिचं नाव, अंगाने अगदी बारीक. तिने हृतिकला लहान माप मागितलं. त्याने मला काढून तिच्या हातात दिलं. हे तुला फिट बसेल, म्हणाला.

आणि खरंच बसलो. चाळीस ते साठ किलो, अगदी चिठ्ठीबरहुकूम. ती मोबाइलमध्ये आरशासारखं बघून खूश झाली. दयाराम ज्यात बुडाला ते पाणी अजून माझ्यातून ठिबकत होतं. शुक्रा लांब झाडाखाली मान घालून बसला होता. मी त्या मुलीच्या छातीवर होतो, तिच्या काळजाचे ठोके मला कळत होते, आणि मला ओरडता येत नव्हतं.

दयाराम डबे उघडत होता. त्याने वर बघितलं. हातातलं झाकण ठेवून तो सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"बाय, ते उतरव. मी आता यात बुडालो."

ती गोंधळली. हृतिक हसून म्हणाला, काका घाबरलेत, लक्ष देऊ नका. तिकडून साहेबांची हाक आली, दयाराम, इकडे ये. तीच रोजची हाक. दयारामचा पाय उचललेला मी पाहिला. तीस वर्षांची सवय, ती पाय उचलणारच. मग त्याने तो पाय परत होता तिथे ठेवला.

"येतो साहेब," तो म्हणाला. "आधी या पोरीचं बघतो."

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. त्याने निशाच्या अंगावरच्या गाठी सोडल्या, मला जमिनीवर आडवं घातलं आणि अंकुशकडे कोयता मागितला. अंकुशने हृतिककडे बघितलं नाही, कोयता दिला. हृतिक ओरडत होता की माल माझा आहे, पोलिसांना बोलावीन. दयारामने मला खांद्यापासून कमरेपर्यंत चिरलं आणि आतला फोम बाहेर काढून मुलींना दाखवला. पिवळा, चपटा, पापडासारखा झालेला. त्यांच्याबरोबरच्या मॅडमनी तो हातात घेतला आणि मुलींना सांगितलं, सगळ्यांनी काढा.

तेव्हा पूर्वी पुढे आली. "सर, गाइड फॉरवर्ड म्हणत होता. थांबा तुम्ही म्हणालात. आणि आम्ही तुमचं ऐकलं."

साहेबांनी चष्मा पुसला. त्या दिवशी जेवण कोणी वाढलं नाही, ज्याने त्याने आपलं घेतलं.

मित्रांनो, चिरताना मला दुखलं नाही. फार दिवसांनी कोणीतरी माझ्याशी नीट वागलं, असं वाटलं. माझे तुकडे शुक्राने वाडीवर नेले. त्याचं काम गेलं ते गेलंच, हृतिकने त्याला परत बोलावलं नाही. माझ्या उरलेल्या पट्ट्याने पारू, म्हणजे शुक्राची बायको, आता शेळी बांधते, आणि शेळीला धरून ठेवायला मी पुरतो. एका रविवारी दयाराम रंभाबाईंना घेऊन वाडीवर आला होता. साहेब हल्ली त्याच्याशी कामापुरतंच बोलतात, असं त्याने सांगितलं. शुक्राने विचारलं, दादा, तेव्हा दोरी का सोडली? दयाराम पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. रंभाबाईंना ही दोरीची गोष्ट ठाऊक नव्हती. त्या उठून शेळीपाशी गेल्या आणि जायची वेळ होईपर्यंत नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

माझा राग मात्र अजून गेलेला नाही. अंकुश परवा कॅम्पवरून सांगत आला की हृतिकने नवी जॅकेटं आणली. शुक्रा बघायला गेला. नवी नव्हतीच ती. माझ्याबरोबर डोहाच्या तळाला गेलेली माझी सातही भावंडं होती, नव्या लाल खोळी शिवून दोरीवर टांगलेली. शुक्रा या वेळी गप्प बसला नाही. तो रोज सकाळी कॅम्पच्या फाटकाबाहेर उभा राहतो आणि येणाऱ्या गाड्यांना थांबवून सांगतो. काही ऐकतात, काही काच वर करून आत जातात.

म्हणून तुम्हाला सांगतो. आम्हाला जपा असं मी म्हणत नाही. तुम्ही कधी त्या नदीवर, कुठल्याही नदीवर गेलात, तर जॅकेट अंगात घालायच्या आधी त्याच्यावर अंगठा दाबा. खड्डा भरून वर आला नाही तर ते परत करा. मोठ्या माणसाने दिलेलं असेल, सगळे तुमच्याकडे बघत असतील, उशीर होत असेल, तरी परत करा. आणि शेजारच्या माणसाने तसलंच घातलेलं दिसलं, तर त्यालाही काढायला लावा.